कोठार मोठे, नजर तोकडी



‘फादर, उद्याचं कोणी पाहिलंय? आजचा दिवस मजेत घालवायचा!’ हे वाक्य आम्ही लग्नाच्या मांडवात ऐकतो आणि मयताच्या घरीही ऐकतो. मांडवात ते हसत म्हटले जाते, मयताच्या घरी उसासा टाकून. कर्ज काढून मुलाच्या पहिल्या कम्युनियनची पार्टी देणारा बापही हेच म्हणतो. अशा वाक्यावर धर्मगुरूने नुसते रागावून भागत नाही, कारण त्यात थोडे खरेही आहे.

संत पौलाला हे वाक्य चांगले ठाऊक होते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (15:32) तो स्पष्टच सांगतो की, मेलेले उठणार नसतील तर खाऊनपिऊन घ्यावे, कारण उद्या मरायचेच आहे. हा विचार त्याने यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातून (22:13) घेतला. तेथे येरुशलेमवर संकट आलेले आहे, देव लोकांना शोक करायला बोलावत आहे आणि लोक मात्र बैल-मेंढरे कापून मेजवानी करत आहेत. पौलाचा प्रामाणिकपणा पाहा. मौजमजा करणाऱ्यांचा हिशेब चुकला असे तो म्हणत नाही. पुनरुत्थान खोटे असेल तर त्यांचाच हिशेब बरोबर, असे तो म्हणतो. म्हणजे आधी प्रश्न आपल्या श्रद्धेचा आहे, वागणुकीचा नंतर.

येथे एका माणसावर होणारा अन्याय दूर करावासा वाटतो. ‘खा, प्या, मजा करा’ हे तत्त्वज्ञान ग्रीक विचारवंत एपिक्युरस याच्या नावावर खपवले जाते. प्रत्यक्षात हा गृहस्थ अथेन्सच्या आपल्या बागेत शिष्यांसह साधे अन्न खाऊन राहत असे आणि ज्या सुखामागून दुःख येते ते टाळावे असे शिकवत असे. मरणानंतर काही उरत नाही, असे मात्र तो मानत होता. पौलाने अथेन्समध्ये ज्यांच्याशी वाद केला त्यांत त्याचे अनुयायी होते (प्रेषितांची कृत्ये 17:18). तेव्हा नुसता साधेपणाने राहणारा माणूस ख्रिस्ती दृष्टीने जगतोच असे नाही, हे आपणही ध्यानात ठेवावे.

आता प्रभू येशूने सांगितलेला धनवान शेतकरी पाहू (लूक 12:13-21). त्याला आपण सहसा चैनी माणूस समजतो. पण दाखला नीट वाचा. हा माणूस आजचे पीक आज उडवत नाही. जुनी कोठारे पाडून मोठी बांधायची, धान्य साठवायचे आणि पुढे अनेक वर्षे आरामात खायचे-प्यायचे, अशी त्याची योजना आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याचे नियोजन दीर्घ मुदतीचे आहे. बँकेचा मॅनेजर त्याला खुर्ची देऊन चहा पाजेल! तरीही देव त्याला मूर्ख म्हणतो. का? तो बोलतो ते सारे स्वतःशीच: माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. शेतात राबलेला मजूर त्या बोलण्यात नाही, शेजारी नाही, देवही नाही. त्याची योजना लांब होती, पण नजर कोठाराच्या भिंतीपर्यंतच पोहोचत होती.

‘मग फादर, विमा काढू नये काय?’ असा प्रश्न येईल. जरूर काढावा. नीतिसूत्रे मुंगीचे कौतुक करतात ते उगाच नव्हे. पण वीस वर्षांचे हप्ते म्हणजे ख्रिस्ती दूरदृष्टी, असा गैरसमज नको. ‘रिटायर झालो की रोज मिस्साला येईन’, ‘घराचे काम संपले की भावाशी बोलेन’, असे म्हणणारे आमच्याकडे पुष्कळ येतात. त्यांतल्या काहींच्या अंत्यविधीची मिस्सा आम्हीच केली. भाऊ मागच्या बाकावर बसला होता.

दीर्घ दृष्टी आणि आजचा क्षण एकत्र कसे नांदतात, हे व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर गुयेन वान थुआन यांच्या जीवनात दिसते. एप्रिल 1975 मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्यांची सायगॉनचे सहायक आर्चबिशप म्हणून नेमणूक केली. काही दिवसांतच शहर कम्युनिस्टांच्या हाती गेले आणि 15 ऑगस्ट 1975 रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, त्यांना अटक झाली. खटला कधी चाललाच नाही. तेरा वर्षे ते बंदिवासात होते, त्यांतील नऊ वर्षे एकांतवासात.

कैदी सुटकेची वाट पाहतो. त्यांनी मात्र ठरवले की वाट पाहत बसायचे नाही. हाती आलेला क्षण प्रेमाने भरायचा. ज्या संधींची आपण वाट पाहतो त्या कदाचित कधी येणारही नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. सुरुवातीला नजरकैदेत असताना एका लहान मुलाकडून त्यांनी जुनी कॅलेंडरे मागवली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर रात्री ते आपल्या लोकांसाठी संदेश लिहीत आणि तो मुलगा ते कागद घरी नेई, तेथे त्याची भावंडे ते उतरवून काढत. पुढे तुरुंगात त्यांनी पोटाच्या औषधाच्या नावाखाली थोडा द्राक्षारस मिळवला. तीन थेंब द्राक्षारस, एक थेंब पाणी, तळहात हीच वेदी! छावणीतील कॅथलिक कैद्यांसाठी पवित्र कम्युनियन सिगारेटच्या पाकिटातील कागदात गुंडाळून ठेवले जाई.

आता विचार करा. तळहातावरचा तो क्षण ‘आज आहे, मजा करा’ म्हणणाऱ्याला पेलला असता का? आणि सुटकेनंतर नीट सेवा करू म्हणणाऱ्याला तरी तो दिसला असता का? अनंत जीवनावर विश्वास होता म्हणूनच कोठडीतील मंगळवारही त्यांना वाया घालवण्याजोगा वाटला नाही. 1988 मध्ये ते सुटले. 2000 साली उपवासकाळात पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना आपल्यासाठी व रोमन कुरियासाठी तपसाधना देण्यास बोलावले. 2002 मध्ये त्यांचे निधन झाले.

या आठवड्यात लहान ख्रिस्ती समूहांच्या प्रार्थनासभेत लूक 12:13-21 हा उतारा वाचावा. वाचून झाल्यावर पाच मिनिटे शांत बसावे आणि ‘पुढे बघू’ म्हणून आपण काय ठेवून दिले आहे, ते प्रत्येकाने मनात आठवावे. ते एखाद्या माणसाशी बोलणे असेल, तर सभा थोडी लवकर संपवली तरी आमची हरकत नाही.