नवे वर्ष आणि जुनी उधारी

पांढरकवड्याच्या बाजारपेठेत वर्ष नेमके केव्हा सुरू होते, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कर सल्लागार १ एप्रिल सांगेल. कापसाचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतो. अनेक व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालतात. जकातीचा हिशेब हिजरी वर्षाने होतो आणि भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. आमच्या मते केळापूर तालुक्यातील दुकानदारासाठी यांपैकी जानेवारीच जास्त कामाचा आहे. कास्तकाराच्या घरी कापूस आलेला असतो, थोडाफार विकलेलाही असतो. जूनच्या पेरणीपासून चालत आलेल्या उधारीविषयी बोलायचे तर ते आताच बोलावे. उन्हाळा लागला की तोच पैसा लग्नकार्यात आणि पुढच्या हंगामाच्या तयारीत जातो.

हे बोलणे कसे करावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. आमचे व्यापारी बंधू माल पारखण्यात हुशार आहेत, भाव करण्यातही कमी नाहीत; पण पैशाची मुदत ठरवताना त्यांची जीभ अडखळते. ‘कापूस आला की देतो’ असे गिऱ्हाईक म्हणते, ‘बरं’ असे दुकानदार म्हणतो आणि दोघांच्या मनात दोन वेगळे महिने असतात. गिऱ्हाइकाच्या मनात शेवटची वेचणी असते, दुकानदाराच्या मनात पहिली. पुढे जे भांडण होते ते पैशाचे कमी आणि या ‘बरं’चे जास्त असते.

पवित्र कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) नेमकी याच व्यवहारावर आहे, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. कर्जाचा व्यवहार ठरलेल्या मुदतीसाठी असेल तर तो लिहून घ्यावा, रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. हातोहात होणाऱ्या रोखीच्या सौद्याला मात्र तेथे सवलत आहे. आमच्याकडे नेमके उलटे चालते. रोखीच्या दीडशे रुपयांचे बिल छापील निघते आणि आठ हजारांची उधारी सिगारेटच्या पाकिटामागे लिहिली जाते, तीही गिऱ्हाईक निघून गेल्यावर.

कायद्याची बाजूही पाहून घ्यावी. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी दावा करण्याची मुदत तीन वर्षे आहे. मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून आणि ठरलेली असेल तर ती संपल्यापासून हा काळ मोजतात. तीन वर्षे उलटण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर त्या सहीपासून नव्याने तीन वर्षे मिळतात. कोर्टाची पायरी चढण्याचा सल्ला आम्ही देत नाही. पण जानेवारीत वही उघडून प्रत्येक जुन्या खात्यावर ‘आजची बाकी इतकी, मान्य’ एवढ्या ओळीखाली सही व तारीख घेतली, तर निम्मे वाद तेथेच मिटतात. सही घेताना एकूण आकडा दाखवून भागत नाही. कोणत्या दिवशी काय नेले, मध्ये किती जमा केले, हे वाचून दाखवावे. आपल्या भागातील पुष्कळ गिऱ्हाइकांची घरची बोली गोंडी, कोलामी, गोरमाटी किंवा तेलुगू असते. ज्याला मराठी आकडा नीट कळला नाही त्याची सही घेऊन काय उपयोग? त्याच्या सोबत आलेल्या मुलाला किंवा शेजाऱ्याला ती ओळ वाचायला सांगावी.

आता मागण्याविषयी. यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर गेले आहे. केंद्र सरकारने जुलै २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यांत आपला जिल्हा होता. अशा जिल्ह्यात पैसे मागणाऱ्याचा एक शब्द हलका पडला तर काय होऊ शकते, हे आम्ही वेगळे सांगायला नको. भर बाजारात चार माणसांसमोर ‘काय, विसरलास का?’ म्हणणे, बायकोला किंवा व्याह्याला निरोप पाठवणे, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणे, यांतून वसुली होत नाही. माणूस रस्ता बदलतो आणि रोखीचा मालही दुसऱ्या दुकानातून घेऊ लागतो.

त्याऐवजी खाती आधी तीन ढिगांत वाटावी. ज्याच्याकडे आहे पण देत नाही तो एक, ज्याच्याकडे येणार आहे तो दुसरा, आणि ज्याच्याकडे खरोखर नाही तो तिसरा. पहिल्याशी तारीख घेऊनच बोलावे आणि नवी उधारी थांबवावी. येथे भीड उपयोगाची नाही. दुसऱ्याला त्याच्या पैशाची वाट विचारावी. कापूस भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला दिला असेल तर रक्कम थेट बँक खात्यात येते आणि तिला काही दिवस लागतात. त्यामुळे ‘उद्या ये’ म्हणण्याऐवजी ‘खात्यात जमा झाले की त्याच आठवड्यात अर्धे द्या’ असे ठरवावे. तिसऱ्यासाठी वर सांगितलेल्या आयतीच्या थोडी आधीच (२८०) आज्ञा आहे : अडचणीतल्याला सवड द्यावी आणि सोडून दिले तर अधिक चांगले. सवड द्यायची तर तीही बोलून द्यावी. मनातल्या मनात दिलेली सवड समोरच्याला कळत नाही, तो लपतच राहतो. ‘या हंगामाचे राहू द्या, पुढच्या दिवाळीनंतर बघू’ हे एक वाक्य त्याच्या घरी जाऊन सांगितले तर माणूस पुन्हा दुकानात येतो.

स्पष्ट बोलण्याची गरज खरेदीतही तितकीच असते. कापूस घेताना ओलाव्याची कटती मोजून झाल्यावर सांगायची, ही वाईट सवय आहे. सीसीआयचा नियम उघड आहे. ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणात कपात, त्यापुढे खरेदी नाही. खासगी व्यापाऱ्यानेही आपला नियम काट्यावर गाडी चढण्याआधी सांगावा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतून ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, अशी विचारणा त्यांनी केली. ही हदीस आपण शेतकऱ्याला ऐकवतो. ती व्यापाऱ्याच्या कटतीलाही लागू पडते, असे आमचे मत आहे.

कारागिरांचे दुखणे निराळे. शिलाईवाले, वेल्डिंगवाले, गाद्या भरणारे पिंजारी बंधू आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गॅरेजवाले यांची उधारी कमी आणि वायदे जास्त. ईदच्या पंधरा दिवस आधी टेलर प्रत्येक कापड ठेवून घेतो, कारण ‘नाही’ म्हणवत नाही. मग रात्रीचे दोन वाजतात, डोळे जातात, घरच्या मुलांचे कपडे चाँदरातीलाही शिवून होत नाहीत. दिवसाला किती नग निघतात हे ज्याचे त्याला माहीत असते. तेवढे नग वहीत तारखेपुढे मांडावे आणि रकाना भरला की पुढच्या गिऱ्हाइकाला ईदनंतरची तारीख द्यावी. काही जण कापड उचलून नेतील, नेऊ द्यावे. जे कारागीर मोठ्या दुकानाला किंवा कारखान्याला माल करून देतात त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याने अशा नोंदलेल्या कारागिराचे पैसे लेखी मुदत ठरली असेल तर त्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि काहीच लिहिलेले नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. त्यावरचे व्याज घ्यायचे नसले तरी मूळ रक्कम मागताना हा नियम नम्रपणे दाखवता येतो.

राहिला घराचा प्रश्न. पूर्वी दुकानाचे फळकुट लागले की गिऱ्हाईक संपायचे. आता ते मोबाईलमधून जेवणाच्या ताटापर्यंत येते. रात्री अकराला ‘भाव काय?’ असा संदेश येतो, आणि उत्तर दिले नाही तर सौदा जाईल या धास्तीने आपण घास सोडून उत्तर देतो. जुमाच्या नमाजसाठी व्यापार थांबवतो, नंतर पुन्हा सुरू करतो. त्यामुळे कोणाचे दुकान बुडालेले आम्ही पाहिले नाही. इशाच्या नमाजनंतर फोनवर भाव सांगणार नाही, हे एकदा पाटीवर आणि व्हॉट्सॲपवर लिहून टाकले की आठवडाभरात गिऱ्हाईक ते धरून चालते. तसेच गल्ल्याचे. घरखर्चाला महिन्याची रक्कम ठरवून ती एकदाच घरात द्यावी. रोज गल्ल्यातून मूठभर काढली तर दुकानाचा नफा कळत नाही आणि घरातल्या बाईला रोज हात पसरावा लागतो.

शेवटी नव्या वहीच्या पहिल्या पानाविषयी. तेथे इंग्रजी तारखेबरोबर हिजरी तारीखही लिहावी. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने जानेवारी ते जानेवारी जकात काढणाऱ्याचे ३३ वर्षांत एक वर्ष मागे पडते. उधारीचे जे तीन ढीग केले, त्यांतील कोणती रक्कम जकातीच्या हिशेबात धरायची, हे आपल्या आलिमसाहेबांना ती वही दाखवूनच विचारावे.