चिकित्सालयासाठी इंकजेट प्रिंटरची निवड

गेल्या पावसाळ्यात वसईतील आमच्या चिकित्सालयातून अग्नितुंडी वटीची एक डबी गेली. ओल्या हाताने धरताच लेबलावरील शाई पसरली आणि मात्रेचा आकडा वाचता येईना. या वटीत कुपीलु असतो; रुग्णाने गोळी घेण्यापूर्वी दूरध्वनी केला, हे आमचे भाग्य.

दोष यंत्राचा नव्हता, निवड आमची चुकली होती. इंकजेटची 'डाय' शाई पाण्यात विरघळलेली असल्याने ओलाव्याने पसरते. 'पिगमेंट' शाईतील सूक्ष्म कण कागदास धरून राहतात. कित्येक यंत्रांत काळी शाई पिगमेंट व रंगीत शाई डाय असते, म्हणून मात्रा काळ्या शाईतच छापावी. खरेदीपूर्वी नमुना छापून घ्यावा व वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. दुकानदार हसेल, हसू द्यावे.

शाईच्या टाकीचे यंत्र घेताना महाग, पण प्रतिपृष्ठ खर्च कमी. मात्र ते फार दिवस बंद राहिल्यास शाई वाळून छिद्रे बुजतात; आठवड्यातून एक रंगीत पान छापावे. जुनी रुग्णपत्रके जतन करण्यास स्कॅनर उपयोगी पडतो. ज्या औषधालयास केवळ लेबलेच छापावयाची आहेत, त्याने लेझर प्रिंटर घ्यावा. त्यातील भुकटी उष्णतेने कागदावर वितळून बसते व पाण्याने पसरत नाही.