औलीची छोटी सुट्टी : काही अनुभवाचे बोल

पुण्या-मुंबईचा माणूस हिमालयात जातो तो यादी घेऊन. चार दिवसांत मसुरी, औली, शिवाय जमलं तर चोपता! माझं मत स्पष्ट आहे : रजा थोडी असेल तर एकच डोंगर धरावा. मी स्कीइंगसाठी औली धरली. तिथे वरचेवर जाऊन जे पदरात पडलं ते असं.

१. प्रवासाचे दिवस सुट्टीत मोजू नका. ऋषिकेश ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ अडीचशे किलोमीटर. एक्सप्रेसवेच्या हिशेबाने तीन तास वाटतात, लागतात दहा. पहाटे निघा, उजेडात पोचा. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग हे चार संगम वाटेतच लागतात, त्यांच्यासाठी वेगळी सहल नको.

२. पहिली रात्र जोशीमठला काढा. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर; जोशीमठचा बाजारच सुमारे १,८९० मीटरवर भरतो. औलीचे उतार त्याहून वर, २,५०० ते ३,०५० मीटर. सिंहगड दर रविवारी चढणाऱ्यालाही इथे धाप लागते. २०२३च्या जानेवारीत जोशीमठचीच जमीन खचली, घरांना भेगा पडल्या आणि औलीला जाणारा रोपवे बंद झाला. तेव्हा रोपवेच्या भरवशावर बेत आखू नका, रस्त्याने जा. आणि राहायचंच तर गावातल्या लोकांच्या घरगुती सोयीत राहा. मंडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि कुळथाची डाळ मिळते. पंजाबी थाळीचा हट्ट कशाला?

३. बर्फाचा वायदा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. स्कीइंग करायचं तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात भरवशाचा काळ. तरी काही वर्षं जानेवारी कोरडाच जातो. कृत्रिम बर्फाची यंत्रं आहेत, पण त्यांनाही कडक थंडी लागते. निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करा आणि आजचा व्हिडिओ मागवा. गेल्या वर्षीचे फोटो सगळेच पाठवतात.

४. आता स्कीइंग. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला इथे एक सवय मोडावी लागते. घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, वेळ पडली तर बूड टेकून उतरतो. स्कीवर मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, ताबा सुटतो आणि वेग वाढतो. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून धरायची, गुडघे वाकवायचे, नजर पायांकडे नाही, लांब. थांबायचं तर दोन्ही स्कींची टोकं जवळ, शेपट्या लांब, आतल्या कडांवर जोर. प्रशिक्षक याला स्नोप्लाऊ म्हणतात. पहिल्या दिवशी एवढं जमलं तरी फार झालं.

बूट चढवणं हेच एक काम आहे. बकल आवळले की घोटा हलत नाही, चालताना टाच आधी आपटते. तळव्याला चिकटलेला बर्फ पोलच्या टोकाने खरवडून काढल्याशिवाय बूट स्कीवरच्या पकडीत, म्हणजे बाइंडिंगमध्ये, बसत नाही. नवखा माणूस दहा मिनिटं पाय आपटत राहतो आणि दोष बाइंडिंगला देतो. पडायचं ते कडेला, चढाच्या बाजूला. उठण्याआधी स्की उताराला आडव्या करा, नाहीतर अर्धवट उठता उठताच खाली निघाल.

गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात. तेवढी रजा नसेल तर स्थानिक प्रशिक्षक दोन-तीन सकाळींसाठी ठरवा. भाड्याचा पोशाख घेऊन फोटोपुरतं उभं राहण्यात पैसे घालवू नका.

५. नंदादेवीसाठी पहाटेचा गजर लावण्याची गरज नाही, हे ऐकून बरेच जण नाराज होतात. ७,८१६ मीटरचं हे शिखर औलीच्या आग्नेयेला आहे. हिवाळ्यात सूर्य साधारण तिच्या मागूनच वर येतो, त्यामुळे सकाळी ती नुसती काळी आकृती दिसते. उघडीप असेल तर मावळतीला बघा. आधी पांढरी, मग सोनेरी, मग काही मिनिटं गुलाबी. त्या वेळी हॉटेलातली मंडळी चहा-भजी खात असतात.

६. एक दिवस स्की बाजूला ठेवून गोरसों बुग्यालपर्यंत, म्हणजे उंचावरच्या कुरणापर्यंत, चाला. ओक-देवदाराचं रान, मग एकदम मोकळा माळ. ताज्या बर्फात घोटे बुडतात, म्हणून गेटर्स आणि वाटाड्या हवाच. बुग्यालावर रात्री तंबू ठोकायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८मध्ये बंदी घातली आहे. कुणी ‘व्यवस्था करून देतो’ म्हणाला तर नाही म्हणा.

७. जीन्स नको. भिजली की वाळत नाही. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, ऊन बर्फावरून खालूनही येतं. मोबाइल आतल्या खिशात.

८. बाकी काही विसरलात तरी चालेल, पण डेहराडूनहून परतीचं विमान जोशीमठ सोडल्याच्या दुसऱ्या दिवशीचंच काढा.