विहारयात्रा आणि धर्मयात्रा : वस्तुसंग्रहालये व प्राचीन स्थाने पाहणाऱ्या साधकांसाठी एक पाठ



रिद्धपूर, डोमेग्राम, पांचाळेश्वर, जाळीचा देव, फलटण या स्थानांच्या वंदनासाठी निघणाऱ्या मंडळ्या आपणांस परिचित आहेत. अशीच एखादी मंडळी मुंबईसही येते. विदर्भ-खानदेशाकडील गाडीने दादरला उतरावे, परळ-लालबागकडील एखाद्या वासनिकाच्या घरी मुक्काम करावा आणि वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, घारापुरी असे सर्व पाहून परतावे, असा तिचा क्रम असतो. मुंबईत ‘हेरिटेज वॉक’ या नावाने जाणत्या मार्गदर्शकासह जुन्या वास्तू पाहण्याची प्रथाही रुळली आहे, आणि वासनिकांची तरुण मुले तीत उत्साहाने जातात. याविषयी दोन शंका वारंवार विचारल्या जातात. वस्तुसंग्रहालये देवतामूर्तींनी भरलेली असतात, तेव्हा अनन्यभक्ती पत्करलेल्याने तेथे जावे काय? आणि जावयाचे तर ते केवळ मनोरंजन ठरत नाही काय? या दोन्ही शंकांचा आपल्या परंपरेस धरून लक्षण, विचार व आचार या क्रमाने परामर्श घेऊ.

लक्षण

प्रथम यात्रेचे लक्षण पाहू. ते सांगणारी एक शिळाच मुंबईत आहे. वसईच्या उत्तरेस असलेले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तुकड्यावर थोडीच अक्षरे उरली आहेत. तथापि गिरनार व इतर ठिकाणी हाच लेख आढळत असल्याने त्याचा संपूर्ण आशय ज्ञात आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत; तीत मृगया आणि करमणूक असे. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी गेला आणि तेथून त्याची धर्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांस दान, वृद्धांची भेट, जनपदातील लोकांशी भाषण, धर्माचा उपदेश आणि धर्मविषयक पृच्छा, ही तिची अंगे त्या लेखात सांगितली आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाट, वाहन, सोबती आणि खर्च दोन्ही यात्रांत एकच असू शकतात. विहारयात्रेत मनुष्य पाहून तृप्त होतो. धर्मयात्रेत तो भेटतो, देतो आणि विचारतो. जिच्यात पृच्छा नाही ती यात्रा कितीही पवित्र नावाने निघाली तरी विहारयात्राच होय. या लक्षणाने दुसऱ्या शंकेचे अर्धे उत्तर मिळते. वस्तुसंग्रहालयात जाणे हे स्वभावतः मनोरंजनही नव्हे आणि धर्मही नव्हे. जाणाऱ्याच्या पृच्छेवर ते ठरते.

विचार

आता पृच्छा कशाची करावी, याचा विचार. सन्निधान अंतरल्यानंतर स्थान, प्रसाद, भिक्षू आणि वासनिक ही चार साधने आपल्यासाठी उरली. स्थान वंद्य का? ते रम्य आहे म्हणून नव्हे, प्राचीन आहे म्हणूनही नव्हे. श्रीचरणांचा त्यास संबंध घडला म्हणून. प्रसादाचेही तसेच. वस्त्राचा विटलेला तुकडा बाजारात कवडीमोल असेल. संबंधामुळे तो शिरी धारण केला जातो. संबंध हाच वस्तूचा प्राण होय, हे ज्यास बालपणापासून शिकविले गेले आहे, त्याने वस्तुसंग्रहालयात शिरताना हीच कसोटी बरोबर न्यावी. येथील प्रत्येक वस्तू कोठून तरी उचलून आणलेली आहे. तिचा मूळ संबंध कोणाशी आणि कोणत्या स्थानाशी होता, ही पहिली पृच्छा.

संबंध तुटला म्हणजे काय होते, याची तीन उदाहरणे मुंबईतच आहेत.

पहिले उदाहरण सोपाऱ्याचेच. तेथील एका टेकाडास लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. 1882 मध्येच भगवानलाल इंद्रजी यांनी ते उत्खनन केले तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या गाभ्यात दगडी पेटी होती. तीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सर्वांत आत सोन्याचे करंडक होते, भोवती बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती होत्या. सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राची तेरा बारीक खापरे निघाली. ती बुद्धाच्या भिक्षापात्राची मानून कोणी श्रद्धावंताने ठेवली असावीत, असे अभ्यासक मानतात. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने टाउन हॉलमध्ये जपून ठेवले आहेत. प्रसादाचे मोल जाणणाऱ्या आपणांस त्या खापरांपुढे उभे राहून भाव समजावून घेण्यास कोणा मार्गदर्शकाची गरज नाही. परंतु चिंतन करावे ते याचे की, ज्या स्थानी एवढ्या आदराने प्रसाद ठेवला गेला, त्याचे नावही भोवतालच्या लोकांस उरले नव्हते. स्तूपाचा कोट झाला, आणि बुद्धाच्या जागी बुरुड राजा आला.

दुसरे उदाहरण हत्तीचे. घारापुरी बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती होता; त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटास एलिफंटा हे नाव दिले. 1864 साली तो परदेशी नेण्याच्या खटपटीत यारी मोडली आणि हत्ती पडून भंगला. त्याचे तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणले गेले आणि 1914 मध्ये ते जुळविण्यात आले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. ज्याने बेटास नाव दिले तो बेटावर नाही, आणि बागेत त्याच्याजवळून जाणाऱ्या बहुतेकांस तो कोठला हे ठाऊक नाही. दोन्ही स्थाने पाहिल्यावाचून एकही नीट पाहिले असे होत नाही.

तिसरे उदाहरण परळचे. 1931 साली परळहून शिवडीकडे जाणारा रस्ता बांधताना एक मोठी शिळा सापडली. तीवर शिवाच्या एकातून एक प्रकट होणाऱ्या सात आकृती कोरल्या आहेत. ती पाचव्या-सहाव्या शतकातील मानली जाते. ही शिळा जवळच्याच बारादेवी मंदिरात ठेवण्यात आली, आणि तेथे ती पुजली जाते. तिचा साच्यावरून घेतलेला ठसा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. येथे ठसा संग्रहालयात गेला व मूळ शिळा गावात राहिली, म्हणून तिचा परिसराशी संबंध तुटला नाही. भाविकांची ये-जा तिच्याभोवती चालू आहे.

या तिसऱ्या उदाहरणापाशी पहिली शंका उभी राहते. देवतामूर्तीपुढे साधकाने कसे वागावे? जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न आहेत, आणि आपली उपासना परमेश्वराची, हा सिद्धान्त निश्चित आहे. पण पाहणे आणि उपासणे या दोन भिन्न क्रिया आहेत. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची अवस्थाने देवतांच्या देवळांतून घडली, वेरुळास त्यांचे वास्तव्य झाले, हे लीळाचरित्र सांगते. स्थानपोथीत तर अशा देवळांची दारे, दिशा, चौक व पटीशाळा नोंदल्या आहेत. आपल्या पूर्वजांनी देवतेची उपासना केली नाही, परंतु देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे हे अचूक पाहून ठेवले. म्हणून साधकाने अशा ठिकाणी उपासना करू नये आणि अवज्ञाही करू नये. विशेषतः बारादेवीसारख्या ठिकाणी जेथे इतरांची पूजा चालू आहे, तेथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरी तत्त्ववाद मांडू नये.

आचार

आता आचार. स्थानपोथी हा केवळ स्थानांची यादी देणारा ग्रंथ नव्हे, तर कसे पाहावे हे शिकविणारा ग्रंथ आहे. स्थानाचे नाव, त्याची दिशा, आणि तेथे आसन, आरोगणा, विहरण यांपैकी काय घडले, या क्रमाने तो आपणांस नेतो. मंडळी घेऊन निघणाऱ्याने हाच क्रम ठेवावा.

निघण्यापूर्वी आदल्या सायंकाळी एकत्र बसून दुसऱ्या दिवशीच्या वस्तूंची माहिती वाचावी. एका दिवशी तीनच वस्तू निवडाव्यात. सर्व दालने पायाखाली घालण्याचा हट्ट धरू नये. थकलेला डोळा काहीच ग्रहण करीत नाही. मंडळी मोठी असल्यास पंधरा-वीस जणांच्या तुकड्या कराव्यात, म्हणजे मागच्यासही ऐकू येते. एशियाटिक सोसायटीतील अवशेषांसाठी आधी पत्राने विचारावे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात व पावसाळ्यात समुद्र खवळल्यास लाँच सुटत नाही, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावा. वस्तूंना स्पर्श करू नये, त्यांवर फूल किंवा नाणे वाहू नये. वृद्धांस बसण्याची सोय आधी पाहावी. वृद्धांची भेट हे धर्मयात्रेचे अंग आहे, मग आपल्याच मंडळीतील वृद्धांस विसरून कसे चालेल?

प्रत्येक वस्तूपुढे तीन प्रश्न मोठ्याने विचारावेत आणि त्यांचे उत्तर मुलांकडून घ्यावे. ही मूळची कोठली? तेथे तिचे काय काम होते? येथे ती कोणी व का आणली? उत्तर न आल्यास तेथील जाणत्यास विचारावे. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांच्या आधाराने आणि ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांस विचारून लीळा संकलित केल्या. विचारण्यात लाज मानली असती तर लीळाचरित्र झाले नसते. मुक्कामी परतल्यावर प्रत्येकाने एक वस्तू स्मरणाने सांगावी व एकाने ती वहीत उतरावी.

यात्रा येथे संपत नाही. गावी परतल्यावर हेच तीन प्रश्न आपल्या गावाजवळच्या स्थानाविषयी विचारावेत. ओटा कोणत्या लीळेचा, तो कोणत्या दिशेस, हे आज गावातील किती तरुणांस सांगता येते? महंत किंवा वृद्ध वासनिक यांच्याजवळ बसून स्थानपोथीशी ते ताडून पाहावे आणि लिहून ठेवावे. आदराने ठेवलेल्या प्रसादावरील स्तूपाचा लोकांच्या मुखी बुरुड राजाचा कोट झाला. सोपाऱ्यासारखे विस्मरण आपल्या स्थानांच्या वाट्यास येऊ नये, ही जबाबदारी संग्रहालयाची नव्हे. ती स्थानाजवळ राहणाऱ्याची आहे.

दंडवत प्रणाम.