बॅलन्स ट्रान्सफरला बँक ‘नाही’ म्हणाली, तर…

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सच्या पावत्या फाडत बसलो होतो. अठराव्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “भावोजी, हे वाचा.” गृहकर्ज दुसऱ्या बँकेत हलवण्याच्या, म्हणजे बॅलन्स ट्रान्सफरच्या, अर्जावर एका ओळीचा मेसेज होता: आपला अर्ज सध्या मंजूर करता येत नाही. त्याच्याच खाली एजंटाचा मेसेज: ‘मॅडम, टेन्शन नको, आजच दुसऱ्या दोन बँकांत टाकतो.’

त्या एजंटाला आधी थांबवा म्हटलं. प्रत्येक नव्या अर्जागणिक बँक तुमचा सिबिल उघडून बघते आणि त्याची नोंद राहते. महिन्याभरात चार नोंदी दिसल्या, की पाचव्या बँकेला वाटतं हा माणूस पैशांसाठी दारोदार फिरतोय. शिवाय लॉगिन फी आणि वकील-व्हॅल्युएशनचा खर्च अर्ज फेटाळला तरी बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. एजंटाला कमिशन कर्ज देणारी संस्था देते. तुमच्याकडे वर टक्केवारी मागणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिलं काम फुकटातलं. कर्ज का नाकारलं ते लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज लहान असो वा मोठं, नकाराचं मुख्य कारण लेखी कळवणं बँकेचं काम आहे. ‘इंटर्नल पॉलिसी’ एवढंच सांगून पाठवलं, तर शाखेला ईमेल करून पुन्हा विचारा. कारण हातात आलं, की एक गोष्ट ठरते: हा नकार तुम्हाला आहे की तुमच्या भिंतींना?

आमच्या मुंबईतल्या लालबागमध्ये तो पुष्कळदा भिंतींना असतो. चाळीतली पागडीची खोली असेल, तर प्रश्नच मिटला. भाडेपावती म्हणजे मालकी नव्हे, त्यावर गहाण होत नाही, बहुतेक बँका फाइल उघडतही नाहीत. पण चाळ पाडून टॉवर उभा राहिला, तरी कागदांचा गुंता सुटतोच असं नाही. मूळ भाडेकरूकडून घर घेतलं असेल, तर नवी बँक पूर्ण साखळी मागते: कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार, तो नोंदवल्याची इंडेक्स टू, ताबापत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. मधला एखादा करार कुणी स्टॅम्प पेपरवर उरकून नोंदवलाच नसेल, तर सगळं तिथेच अडतं. आणि सगळ्यात मोठी अडचण भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची. इमारत बांधली जात असताना ज्या संस्थेचं बिल्डरशी जमलेलं होतं, तिने ओसीशिवाय कर्ज दिलं. दहा वर्षांनी दुसऱ्या बँकेचा वकील तोच कागद मागतो आणि तो नसतो.

आमच्या टॉवरचं हेच झालंय. चौदाव्या मजल्यापर्यंत अंशतः ओसी आहे. त्यावरच्यांना फिट-आउटच्या, म्हणजे आतल्या कामाच्या, नावाखाली किल्ल्या मिळाल्या आणि लोकांनी संसार मांडले. वहिनी अठराव्यावर. लेखी उत्तर आलं, त्यात पहिलं कारण हे होतं.

दुसरं कारण मात्र माणसाचं होतं. वहिनींची नोकरी पालिकेच्या रुग्णालयात. पगाराची स्लिप पाहिली, तर पतपेढीचा हप्ता साडेअकरा हजार. घरातली लग्नं, बारसी, गावच्या घराचं छप्पर, सगळं त्या पतपेढीवर झालेलं. आपण त्याला कर्ज मानत नाही, कारण तो कापूनच हातात येतो. बँक मात्र स्लिपवरची प्रत्येक कपात मोजते. त्यातच वहिनींनी ट्रान्सफरबरोबर पाच लाखांचं टॉप-अप, म्हणजे जादा कर्ज, मागितलं होतं. ट्रान्सफर बसत असतं, पण टॉप-अपमुळे हप्ता पगाराला जड जातो आणि अख्खा अर्जच पडतो, हे मी आता तिसऱ्यांदा पाहतोय.

तुमच्या नकारात सिबिलचा दोष सांगितला असेल, तर पूर्ण अहवाल काढा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. एखादं जुनं क्रेडिट कार्ड तडजोड करून मिटवलं असेल, तर तिथे ‘क्लोज्ड’ नव्हे, ‘सेटल्ड’ दिसतं, आणि ते बोचतं. उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घेता येतो. नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद 26 एप्रिल 2024 पासून आहे.

आता हिशेब. वहिनींची बाकी 40 लाख, मुदत उरलेली 15 वर्षं, व्याज साडेनऊ टक्के. हप्ता 41,769 रुपये. साडेआठ टक्क्यांना गेलं असतं तर 39,390. महिन्याला 2,379 रुपयांचा फरक, ही रक्कम लहान नाही. पण बदलीलाही पैसे लागतात. प्रोसेसिंग फी पाव टक्का धरली तरी दहा हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 11,800. वकील आणि व्हॅल्युएशन वेगळं. नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क कर्जाच्या रकमेवर लागतं, तेही हजारांत जातं. साधी प्रतिज्ञापत्रं करायला गेलात, तरी पूर्वीचा शंभराचा स्टॅम्प ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा झालाय. जुन्या कर्जावर मात्र फोरक्लोजर चार्ज नाही. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून तो घेताच येत नाही.

म्हणून मी म्हटलं, आधी आपल्याच कर्जवाल्याकडे जा. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 2025 मध्ये साडेसहावरून सव्वापाचवर आला. बँकांची ऑक्टोबर 2019 नंतरची फ्लोटिंग गृहकर्जं बाह्य दराला बांधलेली आहेत, बहुतेक रेपोलाच, त्यामुळे तिथे कपात आपोआप पोचते. त्याआधीचं बँकेचं कर्ज असेल, तर त्या दराकडे वळण्यासाठी फक्त वाजवी प्रशासकीय आणि कायदेशीर खर्च घेता येतो, वेगळी फी नाही. वहिनींचं कर्ज गृहवित्त कंपनीचं. त्यांना हे बंधन नाही, त्यांचा दर त्यांच्या घरचा, आणि तो उतरताना जिना हळूहळू उतरतो. पण अर्ज केला की ‘कन्व्हर्जन’, म्हणजे दरात बदल, करून देतात. ओसी लागत नाही, वकील लागत नाही, कारण तुमचे कागद त्यांच्याच कपाटात आहेत. अर्जाला दुसऱ्या बँकेच्या दराचं छापील पत्रक जोडा. ‘कमी करता का?’ असं विचारू नका, ‘किती कमी करता आणि फी किती?’ असं विचारा.

ट्रान्सफरच्या नादात लोक आणखी एक गोष्ट विसरतात. दिवाळीचा बोनस, एलआयसीची पॉलिसी पिकली, भिशी लागली, तर तो पैसा मुद्दलात भरा आणि हप्ता तोच ठेवा. वरच्याच कर्जात आज एक लाख जादा भरले, तर शेवटचे साडेनऊ हप्ते गळतात, म्हणजे एक लाखाच्या बदल्यात जवळपास चार लाख वाचतात. यालाही दंड नाही, कुणाच्या मंजुरीची वाट बघायची नाही. फक्त लेखी सांगा, ‘हप्ता नको, मुदत कमी करा’, नाहीतर काही ठिकाणी गुपचूप हप्ता घटवून ठेवतात.

बँक कारण देत नाही किंवा उत्तरच देत नाही, असं झालं तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करून, तीस दिवस थांबून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती मोफत आहे, माहितीसाठी 14448 हा क्रमांक. गृहवित्त कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जायचं.

वहिनींनी टॉप-अपचा विचार सोडला. तीन आठवड्यांत कंपनीने दर 8.9 वर आणला, फी पाच हजार आणि जीएसटी मिळून 5,900. हप्ता 40,333 झाला, महिन्याला 1,436 कमी. चार महिन्यांहून थोड्या जास्त काळात फी वसूल.

पेढे द्यायला आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “आणि ओसीचं काय, सेक्रेटरी?” मी त्यांना टेबलावरचा कागद दाखवला. पालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाला माहिती अधिकाराचा अर्ज: पंधराव्यापासून वरच्या मजल्यांची ओसी कशामुळे अडली आहे आणि बिल्डरने कोणत्या अटी पूर्ण केलेल्या नाहीत. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा राहिला होता. वहिनींनी पर्समधून दहाची नोट काढून टेबलावर ठेवली.