शिशाचा पट्टा किती जड असावा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत बुलढाणा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील विहिरीवर जाऊन पाहा. काका किंवा मोठा भाऊ धाकट्याला पोहायला शिकवत असतो. मुलाच्या पाठीला वाळलेला भोपळा नाही तर झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा बांधलेला असतो. डबा बांधला की मूल बुडत नाही. पण त्याला सूर मारून तळ गाठायला सांगा, तेही जमणार नाही! डबा त्याला वर ओढून धरतो.

आता शेकडो किलोमीटर दूर, मालवणच्या समुद्रात जाऊ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. येथील सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. जवळच तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. स्कूबा म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचे, पाणबुड्याने स्वतःबरोबर वाहून न्यायचे साधन. फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी १९४३ साली त्याचे आधुनिक रूप तयार केले. या पाणबुड्याच्या कमरेला मात्र डबा नसतो. असतो तो शिशाचा पट्टा! एकाला तरंगण्यासाठी डबा, तर दुसऱ्याला बुडण्यासाठी शिसे. असे का? आणि हे शिसे नेमके किती असावे? जास्त असले तर बिघडले कुठे? पुष्कळ बिघडते, हे आपण हिशेब करूनच पाहू.

आर्किमिडीजचे तत्त्व तुम्हांला ठाऊक आहेच. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. वस्तूचे वजन या जोरापेक्षा जास्त असेल तर ती बुडते, कमी असेल तर तरंगते. दोन्ही समान असतील तर ती जिथे ठेवावी तिथेच अधांतरी राहते. पाणबुड्याला हवी असते ती हीच तिसरी अवस्था. माशाला ती निसर्गाने दिली आहे. माणसाला ती वजनाचा मेळ घालून मिळवावी लागते.

समजा, एका पाणबुड्याचे सर्व साहित्यासह वस्तुमान ८३ किलोग्रॅम आहे आणि पाण्यात त्याचे आकारमान ८५ लिटर भरते. (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत.) तो गोड्या पाण्याच्या विहिरीत उतरला तर ८५ किलोग्रॅम पाणी बाजूला सारील. म्हणजे त्याला खाली जायला २ किलोग्रॅमचा भार कमी पडतो. समुद्राच्या पाण्याची घनता मात्र सुमारे १.०२५ असते. तिथे तो ८५ × १.०२५ म्हणजे सुमारे ८७.१ किलोग्रॅम पाणी सारील. आता ४.१ किलोग्रॅम भार कमी पडतो. पाण्याची घनता फक्त अडीच टक्क्यांनी वाढली, पण लागणारा भार दुप्पट झाला! शिसेही स्वतः थोडे पाणी सारते. शिशाची घनता ११.३ आहे, म्हणून समुद्रात १ किलोग्रॅम शिसे सुमारे ०.९१ किलोग्रॅमइतकाच भार देते. त्यामुळे विहिरीत सुमारे २.२ किलोग्रॅम, तर समुद्रात सुमारे ४.५ किलोग्रॅम शिसे लागेल.

घनतेचा हा खेळ पाहायला बुलढाणा जिल्ह्यासारखी जागा नाही. लोणारचे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरची गोमुखाची धार गोड्या पाण्याची, आणि खाली तळ्यातले पाणी खारट व अल्कधर्मी! उन्हाळ्यात तळे आटले की क्षारांचे प्रमाण वाढते आणि पाण्याची घनताही वाढते. जून २०२० मध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याची तपासणी केली आणि खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे दाखवून दिले. हा परिसर अभयारण्य आहे. तिथले पाणी आणू नका, त्यात उतरूही नका. खारे पाणी आपण घरीच करू.

आता थंड आणि उबदार समुद्रातला फरक पाहू. थंड पाण्यात शरीराची उष्णता झपाट्याने जाते. म्हणून तिथला पाणबुड्या जाड रबरी पोशाख घालतो. हे रबर स्पंजासारखे असते. त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. तेच ऊब राखतात आणि तेच पाणबुड्याला वर ढकलतात. म्हणजे पोशाख हा एक प्रकारे अंगभर बांधलेला डबाच! पोशाख जितका जाड, तितके शिसे जास्त. आपल्याकडच्या उबदार समुद्रात पातळ पोशाख पुरतो, तेव्हा शिसेही कमी लागते. थंड समुद्रात वापरलेला जड पट्टा इथे तसाच बांधणे म्हणजे हिवाळ्यातली घोंगडी वैशाखात पांघरण्यासारखे आहे.

आणखी एक वजन सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे हवेचे. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० वातावरण दाबाने हवा भरली तर ती सुमारे २२०० लिटर होते. एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅमची, म्हणजे एकूण हवा अडीच किलोग्रॅमहून जास्त! सुरक्षिततेसाठी ५० वातावरण हवा राखून पाणबुड्या वर येतो. तोवर १६५० लिटर, म्हणजे जवळजवळ २ किलोग्रॅम हवा खर्च झालेली असते. म्हणून तो सुरुवातीला २ किलोग्रॅमने जड असतो आणि शेवटी समतोल होतो. शिशाचा हिशेब नेहमी या शेवटच्या स्थितीसाठी करायचा. वरच्या हिशेबातले ८३ किलोग्रॅम हे असेच, शेवटच्या स्थितीतले आहेत.

"थोडे जास्त असलेले बरे" असे म्हणून कोणी ४.५ ऐवजी १० किलोग्रॅम शिसे बांधले तर? जादा ५.५ किलोग्रॅम शिशाचा पाण्यात ५ किलोग्रॅम भार होतो. त्यात सुरुवातीच्या हवेचे २ किलोग्रॅम मिळवा. हा ७ किलोग्रॅम भार तोलण्यासाठी पाणबुड्याला आपल्या जाकिटात सुमारे ७ लिटर हवा भरावी लागेल. योग्य शिसे बांधणाऱ्याला २ लिटर पुरते. (खोलीवर पोशाख दबतो, त्यासाठी दोघांनाही थोडी जादा हवा लागते. ती येथे धरलेली नाही.)

आता बॉईलचा नियम आठवा. १० मीटर खोलीवर दाब २ वातावरण असतो, ५ मीटरवर १.५ वातावरण. दोघेही १० मीटरवरून ५ मीटरवर आले तर ७ लिटरची हवा ९.३ लिटर होईल आणि २ लिटरची सुमारे २.७ लिटर. पहिल्याला एकदम २.३ किलोग्रॅमहून जास्त जोर वर ढकलू लागतो, दुसऱ्याला फक्त पाऊण किलोग्रॅमच्या आसपास. दुसरा थोडी हवा सोडून सहज सावरतो. पहिला मात्र वर जातो, म्हणून हवा फुगते. हवा फुगते, म्हणून आणखी वेगाने वर जातो. अशा वेळी घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसांतली हवाही तशीच फुगते आणि फुप्फुसे फाटू शकतात. म्हणूनच स्कूबाचा पहिला नियम आहे : श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

जाकिटातली हवा निघून गेली तर हाच जादा भार पाणबुड्याला तळाकडे ओढतो. शिवाय जड पाणबुड्याचे पाय खाली लोंबतात. तो सारखे पाय मारतो, दमतो, हवा लवकर संपवतो आणि खालच्या प्रवाळांना लाथा बसतात त्या वेगळ्याच. पट्ट्याची कडी एका हाताने झटकन सुटेल अशीच असते. तरीही अपघातांच्या तपासात बुडालेल्या माणसाच्या कमरेला पट्टा तसाच आढळल्याचे वारंवार दिसले आहे.

मग योग्य वजन ओळखायचे कसे? प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, सिलिंडरमध्ये थोडीच हवा उरली असताना, जाकीट रिकामे करून पाण्यात उभे राहतात. छातीत नेहमीइतका श्वास असता पाणी डोळ्यांच्या पातळीला यावे, आणि श्वास सोडताच माणूस हळूहळू खाली जावा. तसे झाले की शिसे बरोबर आहे. तो सरळ बुडाला तर थोडे थोडे शिसे काढून पुन्हा पाहतात.

करून पाहा : एक लिटरची मऊ प्लॅस्टिकची बाटली पाण्याने भरा. पेनाचे, वर छिद्र नसलेले टोपण घ्या. त्याच्या तोंडाशी तांब्याची बारीक तार गुंडाळा. टोपण तोंड खाली करून, आत हवा राहील असे पाण्यात सोडा. ते जेमतेम तरंगेल इतकी तार ठेवा आणि झाकण घट्ट लावा. बाटली दाबा, टोपण खाली जाईल. सोडा, ते वर येईल. आता बाटलीत ३५ ग्रॅम मीठ विरघळवा आणि टोपण जेमतेम तरंगण्यासाठी किती सेंटिमीटर तार वाढवावी लागते ते मोजा. हा झाला तुमचा विहिरीतून समुद्रात गेलेला पाणबुड्या! मग मुद्दाम तार जास्त लावा आणि काय होते ते वहीत लिहा.

विचार करा :
१. समुद्रातला पट्टा तसाच बांधून येळगाव धरणाच्या गोड्या पाण्यात उतरल्यास काय होईल?
२. आपण श्वास घेतो तेव्हा पाण्यात थोडे वर का उचलले जातो?
३. पोहायला शिकणाऱ्या मुलाचा डबा एकदम न काढता हळूहळू लहान का करावा?

आणि एक लक्षात ठेवा. विहिरीत असो वा समुद्रात, जाणत्या माणसाशिवाय पाण्यात उतरायचे नाही. हिशेब कितीही पक्का असला तरी सोबतीला दुसरा माणूस हवाच.