सुरक्षा-झडप आणि तिच्यापर्यंतची वाट

कोंडलेली वाफ काबूत असेतो माणसाची सेवा करते. पण भांड्याची सहनशक्ती संपली की ती त्याच भांड्याच्या चिंधड्या उडविते. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली वाफेच्या दाबावर अन्न शिजविण्याचे बंद पात्र लोकांपुढे आणले. ते फुटू नये म्हणून त्याने त्यास दांडी व वजन यांची झडप जोडली. आजच्या सुरक्षा-झडपेची ही पूर्वजच होय.

आपल्या सुरतेत अशा झडपांना तोटा नाही. पांडेसरा व सचिन येथील कापड रंगविणाऱ्या गिरण्यांत बॉयलर आहेत. हजिरा येथे समुद्रातून नळाने आलेला नैसर्गिक वायू शुद्ध केला जातो, आणि तेथेच कृभकोच्या कारखान्यात अमोनिया व युरिया तयार होतो. अशा ठिकाणी आपल्यापैकी कित्येकांचे वडील वा काका पाळीवर जातात. त्यांच्या जिवाची राखण करणाऱ्या साधनांत ही झडप महत्त्वाची आहे.

झडपेचे झाकण स्प्रिंगने दाबून धरलेले असते. दाब ठरावीक आकड्यास पोहोचला की झाकण उचलले जाते, आणि दाब पुरेसा उतरला की पुन्हा बसते.

आता पहिला प्रश्न : झडप केवढी असावी? तिचे माप रोजच्या कामावरून नव्हे, तर सर्वांत वाईट प्रसंगावरून ठरते. बॉयलरची वाफ बाहेर जाण्याची वाट बंद झाली आणि खाली आग पूर्ण पेटलेली असली, तर तयार होणारी सर्व वाफ झडपेतून निघून गेली पाहिजे. इतर पात्रांबाबत भोवताली लागलेली आग, बंद पडलेले थंड पाणी अशा प्रसंगांचा हिशेब वेगवेगळा करतात आणि ज्यात प्रवाह सर्वाधिक, त्याप्रमाणे छिद्राचे क्षेत्रफळ घेतात. मात्र गरजेपेक्षा फार मोठी झडपही बरी नव्हे; ती क्षणात उघडते नि क्षणात मिटते.

दुसरा प्रश्न बहुधा विसरला जातो : पात्रापासून झडपेपर्यंतची नळी कशी असावी? घरातील कुकर पाहा. शिट्टी निर्दोष असली, तरी तिच्या खालच्या नळीत डाळीचे साल अडकले तर ती काय करणार? नळी तुंबलेली नसून नुसती अरुंद वा लांब असली, तरी घात होतो. तो असा :

समजा, झडप दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम दाबावर उघडते व ९.३ वर मिटते. मिटलेली असताना नळीत प्रवाह नसतो, म्हणून पात्रातील व झडपेखालील दाब सारखाच असतो. ती उघडताच वाफ धावू लागते आणि घर्षणाने नळीत दाब घटतो. ही घट १ किलोग्रॅम असेल, तर पात्रात १० असतानाही झडपेखाली ९ च उरतात. झडप फसते व मिटते. प्रवाह थांबताच तेथे पुन्हा १० होतात. ती पुन्हा उघडते. अशी ती खडखडत राहते, तिची बैठक झिजते, आणि पात्रातला दाब मात्र वाढतच जातो.

म्हणून अभियंते हा नियम पाळतात, की नळीतील घट झडप उघडण्याच्या दाबाच्या शेकडा ३ हून अधिक नसावी. वरील उदाहरणात ती ०.३ होईल, झडपेखाली ९.७ राहतील आणि ती उघडीच राहील. यासाठी नळी आखूड, सरळ व रुंद हवी. निदान झडपेच्या तोंडाहून अरुंद तर नसावीच. व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच प्रवाहासाठी घर्षणाची घट सुमारे ३२ पट होते, हे ध्यानात घ्यावे.

झडप वर्षानुवर्षे मुकी बसून असते. तिची खरी परीक्षा एखाद्याच क्षणी होते. त्या क्षणाची तयारी आराखड्यातील नळीच्या मापापासून सुरू होते. तुमच्यापैकी जे उद्या अभियंते होतील, त्यांनी झडपेचा आकडा पाहून समाधान न मानता तिच्यापर्यंतची वाटही मोजावी.